तिबेटसाठी काही करायचंय? स्वेटरच्या दुकानापासून सुरुवात करा

दिवाळी आटोपली की आपल्याकडच्या कितीतरी शहरांत एखाद्या मैदानावर नाहीतर मोठ्या रस्त्याच्या कडेला तिबेटी स्वेटरवाल्यांची रांग लागते. ‘एक दाम’ची पाटी, लुधियानाहून आणलेला माल, गल्ल्याच्या वर दलाई लामांचा फोटो. काही वर्षांपूर्वी नागपुरात अशाच एका दुकानात स्वेटरची घडी उलगडता उलगडता मी सहज विचारलं, “आप लोग कहाँ से आते हो?” उत्तर धर्मशाला, म्हणजे हिमाचलातलं दलाई लामांचं गाव येईल, असं मी धरूनच चाललो होतो. साठीच्या त्या बाईंनी मापाची पट्टी गुंडाळत मराठीत सांगितलं, “गोठणगाव. गोंदिया जिल्हा.” आणि वर मलाच विचारलं, “तुम्ही कुठले?”

तोपर्यंत तिबेटवरच्या तीन-चार ऑनलाइन निवेदनांवर माझ्या सह्या झाल्या होत्या. आपल्याच राज्यात तिबेटी वसाहत आहे, याचा मात्र पत्ता नव्हता. तिबेटची बातमी वाचून ज्यांना वाईट वाटतं आणि पुढे काय करायचं ते कळत नाही, अशांसाठी हे लिहितोय.

आधी एक गोष्ट, कारण पुढचं सगळं तिच्यावर बेतलेलं आहे. भारतातला बहुतेक तिबेटी माणूस कायद्याच्या भाषेत ‘परदेशी’ आहे. त्याच्याकडे नोंदणी प्रमाणपत्र असतं, त्याला सगळे ‘आरसी’ म्हणतात, आणि ते ठरावीक मुदतीनं वाढवून घ्यावं लागतं. परदेशी जायचं तर पासपोर्टऐवजी पिवळ्या रंगाचं ओळखपत्र, म्हणजे ‘आयसी’. १९५१च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही, त्यामुळे इथला आसरा सरकारी धोरणावर टिकून आहे. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेले तिबेटी जन्मानं नागरिक ठरतात आणि त्यांतले काही जण मतदारही झालेत. बाकीच्यांना खासदार नाही. मोर्च्यात पकडले गेले, तर आपल्यापेक्षा त्यांच्या कागदांना जास्त झळ बसते. तेव्हा जे काम तिबेटी माणसाला करता येत नाही, किंवा करताना त्याला दहादा विचार करावा लागतो, ते आपण उचलायचं.

पहिली पायरी: एक संध्याकाळ वाचनाला द्या

जास्त नको, पण इतकं तरी पक्कं हवं. ऑक्टोबर १९५०मध्ये चिनी सैन्य पूर्व तिबेटातल्या चामदोत शिरलं. २३ मे १९५१ला बीजिंगमध्ये १७ कलमी करार झाला. दबावाखाली सही घेतली, असं तिबेटींचं म्हणणं आहे, आणि दलाई लामांनी १९५९मध्ये तो करार नाकारला. त्या वर्षी १० मार्चला ल्हासात हजारो लोकांनी नोर्बुलिंगका राजवाड्याला वेढा घातला. दलाई लामांना चिनी छावणीत बोलावून पकडतील, ही त्यांची भीती होती. १७ मार्चच्या रात्री ते वेश बदलून निघाले आणि ३१ मार्चला तवांगच्या बाजूनं भारतात आले. पुढचा उठाव सैन्यानं चिरडला.

आता नकाशा उघडा. चीन ज्याला ‘तिबेट स्वायत्त प्रदेश’ म्हणतो तो १९६५मध्ये आखला गेला आणि त्यात तिबेटींच्या मूळ भूमीचा निम्माच्या आसपास भाग येतो. आम्दो आणि खाम या तिबेटच्या जुन्या भागांचा बराचसा प्रदेश चिंगहाय, सिचुआन, गान्सू, युन्नान या प्रांतांत वाटलाय. खुद्द दलाई लामांचा जन्म आम्दोतला. बातमीत ‘सिचुआनमध्ये भिक्खूला अटक’ असं आलं की ती तिबेटचीच बातमी असू शकते, हे नवख्याच्या लक्षात येत नाही. गेल्या काही वर्षांत चीन इंग्रजी मजकुरात ‘तिबेट’ऐवजी ‘शिझांग’ लिहू लागलाय. आपण तिबेटच लिहावं.

भारताची बाजूही माहीत असू द्या, नाहीतर कुणीतरी चारचौघांत गप्प करेल. २९ एप्रिल १९५४च्या पंचशील कराराच्या मजकुरातच ‘चीनचा तिबेट प्रदेश’ असे शब्द होते. त्याच वर्षी राज्यसभेत डॉ. आंबेडकरांनी या पंचशीलावर कडक टीका केली होती. २००३मध्ये भारत सरकारनं तिबेट स्वायत्त प्रदेश हा चीनचा भाग असल्याचं मान्य केलं. म्हणजे ‘सरकार आपल्या बाजूनं आहेच’ असं धरून चालता येत नाही. २०१८मध्ये निर्वासनाला साठावं वर्ष लागलं म्हणून तिबेटींनी दिल्लीत ‘थँक यू इंडिया’ कार्यक्रम ठरवला होता. अधिकाऱ्यांनी अशा कार्यक्रमांपासून लांब राहावं असं सरकारी पत्र निघालं आणि कार्यक्रम धर्मशालेला न्यावा लागला. आभार मानायचे तरी ही तऱ्हा.

दुसरी पायरी: जाऊन भेटा

महाराष्ट्रातली वसाहत गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ आहे. तिचं नाव नोर्ग्येलिंग, स्थापना १९७२ची. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता, म्हणून जुन्या कागदांत ‘भंडारा वसाहत’ असंच सापडतं. सरकारनं दिलेल्या जमिनीवर लोक भात पिकवतात आणि थंडीत स्वेटर विकायला शहरं गाठतात. त्यामुळे ऐन डिसेंबरात गेलात तर म्हातारी माणसं आणि लहान मुलंच भेटतील. नवेगावबांधला वाघ बघायला जाणाऱ्यांनी एक दिवस इकडे काढावा. कोल्हापूर, बेळगाव, गोव्याच्या लोकांना कर्नाटकातलं मुंडगोड जवळ पडतं, हुबळीहून दीड-दोन तास. ल्हासाजवळचे द्रेपुंग आणि गादेन हे मोठे मठ तिथे नव्यानं उभे राहिलेत. भारतीय नागरिकाला या वसाहतींत जायला परवाना लागत नाही. अमेरिकी किंवा ब्रिटिश पासपोर्टवाला भाचा सोबत असेल, तर मात्र त्याला गृह मंत्रालयाचा संरक्षित क्षेत्र परवाना आधीच काढावा लागतो. ओसीआय कार्ड आहे म्हणून सुटका नाही.

गेल्यावर ‘टाशी डेलेक’ म्हणा. आपण नावापुढे राव, ताई लावतो तसं ते मागे ‘ला’ लावतात. वयस्कर बाईंना ‘आमा-ला’, बुजुर्गांना ‘पा-ला’, थोरल्या बहिणीच्या वयाच्या बाईला ‘आचा-ला’. आभार मानायचे तर ‘थुक-जे-छे’. उच्चार चुकेल, लोक हसतील, चहा येईल. तो लोण्याचा आणि खारट असू शकतो. आपल्या चहाची चव डोक्यात ठेवून प्यायलात तर फसाल, पातळ सूप समजून प्या.

पहिल्याच भेटीत ‘तिबेटमध्ये तुमचं कोण आहे?’ हे विचारू नका. हा प्रश्न तुम्हाला आपुलकीचा वाटतो, पण त्याचं खरं उत्तर दिलं तर तिकडच्या कुणाचं तरी नाव चारचौघांत उघडं होतं. शेती, मुलांची शाळा, यंदा थंडी कशी पडली, यावर बोला. बाकीचं त्यांना वाटलं तर ते सांगतील. आणि फोटो विचारून काढा.

धर्मशालेला आठवडाभर राहता येत असेल, तर मॅक्लिओडगंजमध्ये संध्याकाळचे इंग्रजी संभाषणाचे वर्ग चालतात. भिक्खू, भिक्खुणी, तरुण मुलं समोर बसतात आणि तुम्ही तासभर गप्पा मारायच्या, एवढंच काम. शिक्षक असायची गरज नाही. पठाणकोटपर्यंत रेल्वे, पुढे बस. २००८च्या आधी तिबेटातून डोंगर ओलांडून वर्षाला दोन-तीन हजार माणसं यायची. आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच पोचतात, त्यामुळे वर्गांचं रूपही बदललंय.

तिसरी पायरी: शब्द ठरवा, पण त्यांना विचारून

नवखा माणूस इथे हमखास अडखळतो. आपण सरळ ‘तिबेटचं स्वातंत्र्य’ म्हणतो. तिबेटींमध्ये मात्र दोन वाटा आहेत. एक ‘उमेलाम’, म्हणजे मध्यम मार्ग: चीनच्या चौकटीत राहून खरी स्वायत्तता, भाषा, धर्म, शिक्षण, पर्यावरण यांचा कारभार आपल्या हाती. दलाई लामा आणि धर्मशालेचं केंद्रीय तिबेटी प्रशासन, म्हणजे निर्वासित तिबेटींचं सरकार, यांची भूमिका ही आहे. २००२ ते २०१० या काळात त्यांच्या प्रतिनिधींच्या बीजिंगशी चर्चेच्या नऊ फेऱ्या झाल्या, हाती काही लागलं नाही. दुसरी वाट ‘रांगझेन’, म्हणजे पूर्ण स्वातंत्र्य. १९७०मध्ये स्थापन झालेली तिबेटन यूथ काँग्रेस ही मागणी लावून धरते. एकाच घरात बाप उमेलामचा आणि मुलगी रांगझेनची, असंही दिसतं.

तुम्ही कुठला शब्द वापरायचा हे ज्यांच्यासोबत कार्यक्रम करताय त्यांना विचारा. आणि कृपा करून त्यांना ‘तुमचे दलाई लामा फार मवाळ आहेत’ असं ऐकवू नका. माझ्यासमोर एका गृहस्थांनी हे ऐकवलं होतं. समोरचा तरुण शांतपणे म्हणाला, “सर, तुम्ही काय करणार आहात ते सांगा.” गृहस्थांनी घड्याळ बघितलं.

चौथी पायरी: खासदाराला पत्र

माझ्या मते सगळ्यात उपयोगाचं काम हेच, आणि सगळ्यात कमी लोक करतात. महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ खासदार आहेत, गोव्याचे २ आणि १. तिबेटसाठी भारतीय खासदारांचा सर्वपक्षीय मंचही आहे. तुमचे खासदार त्यात आहेत का, हे विचारण्यापासून सुरुवात करता येते.

पत्र एका पानाचं असावं आणि त्यात एकच मागणी असावी. ‘तिबेटला न्याय मिळवून द्या’ असं लिहिलंत तर कार्यालयातला माणूस ते फायलीत घालेल, कारण त्याचं करायचं काय हे त्यालाही कळत नाही. संसदेत विचारता येईल असा प्रश्न द्या. असा काहीसा मजकूर चालतो:

“मी आपल्या मतदारसंघातील मतदार आहे. चीनने जुलै २०२५मध्ये तिबेटमधील यारलुंग त्सांगपो, म्हणजे आपल्या ब्रह्मपुत्रेवर प्रचंड जलविद्युत प्रकल्पाचे काम सुरू केले आहे. या नदीच्या पाण्याची माहिती भारताला सध्या कोणत्या व्यवस्थेतून मिळते, आणि प्रकल्पाबाबत सरकारने चीनकडे कोणते म्हणणे मांडले आहे, हा प्रश्न आपण येत्या अधिवेशनात विचारावा, ही विनंती.”

खाली नाव, पत्ता आणि फोन. मतदार असल्याचा उल्लेख विसरू नका, वजन त्याचंच आहे. लोकसभेत प्रश्नासाठी किमान १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते, म्हणून अधिवेशनाच्या महिनाभर आधी पत्र पोचलं पाहिजे. अर्थसंकल्पी, पावसाळी, हिवाळी अशी वर्षाला तीन अधिवेशनं, म्हणजे तीन संधी. ईमेल करा, पण छापील पत्र कार्यालयात नेऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. आठवड्यानं फोन, मग पुन्हा फोन. मी दिलेलं पहिलं पत्र हरवलं, दुसऱ्याला ‘योग्य कार्यवाही होईल’ असं दोन ओळींचं उत्तर आलं, तिसरं पत्र पंचेन लामांबद्दल होतं, तेव्हा स्वीय सहायकांनी बसवून घेऊन विचारलं की हा पंचेन लामा कोण.

त्यांना मी सांगितलं ते थोडक्यात असं. पंचेन लामा म्हणजे दलाई लामांखालोखाल मानले जाणारे तिबेटी धर्मगुरू. १४ मे १९९५ला दलाई लामांनी गेधुन चोक्यी न्यिमा या सहा वर्षांच्या मुलाला अकरावे पंचेन लामा म्हणून मान्यता दिली. तीनच दिवसांत चिनी अधिकाऱ्यांनी त्याला कुटुंबासह उचललं. तेव्हापासून त्याला कुणी मोकळेपणी भेटलेलं नाही. चीननं त्या जागी दुसरा मुलगा बसवला. पुढच्या दलाई लामांच्या शोधात पंचेन लामांना परंपरेनं मोठं स्थान आहे, म्हणून हा प्रश्न आज जास्तच जिवंत झालाय. २ जुलै २०२५ला, नव्वदी गाठायला चार दिवस असताना, दलाई लामांनी जाहीर केलं की परंपरा पुढे चालेल आणि वारस ओळखण्याचा अधिकार फक्त आपल्या संस्थेचा, गादेन फोद्रांग ट्रस्टचा. चीन म्हणतो, आमच्या मंजुरीशिवाय नाही. सहायकांनी नाव लिहून घेतलं. स्पेलिंग दोनदा विचारलं.

पाचवी पायरी: आपल्या गावात कार्यक्रम

कॅलेंडरवर खुणा करून ठेवा: १० मार्च उठाव दिन, १७ मे पंचेन लामांच्या अपहरणाचा दिवस, ६ जुलै दलाई लामांचा वाढदिवस, २ सप्टेंबर तिबेटी लोकशाही दिन, १० डिसेंबर मानवी हक्क दिन. १९८९मध्ये दलाई लामांना नोबेल प्रदान झालं तेही १० डिसेंबरलाच.

कार्यक्रम साधा ठेवा. ग्रंथालयाच्या सभागृहात तासाभराचं बोलणं आणि प्रश्नोत्तरं. मराठी श्रोत्यांना भाषेचा मुद्दा चटकन भिडतो, हा माझा अनुभव. ताशी वांगचुक नावाचा एक दुकानदार. तिबेटी मुलांना तिबेटीतून शिकता यावं, म्हणून कायद्यानं दाद मागायला तो बीजिंगला गेला आणि एका अमेरिकी वृत्तपत्राच्या चित्रफितीत त्यानं ते कॅमेऱ्यासमोर सांगितलं. जानेवारी २०१६मध्ये अटक, मग ‘फुटीरतेला चिथावणी’ म्हणून पाच वर्षं तुरुंग. फेब्रुवारी २०२३मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क तज्ज्ञांनी सांगितलं की सुमारे दहा लाख तिबेटी मुलं सरकारी निवासी शाळांमुळे घर आणि भाषेपासून तुटताहेत. सभागृहात मराठी शाळेचे दोन शिक्षक असले, तर पुढची चर्चा तुम्हाला चालवावी लागत नाही.

सभागृहाचं बुकिंग, पोलिसांना द्यायचं पत्र, ध्वनिक्षेपकाची परवानगी हे सगळं भारतीय नागरिकाच्या नावावर करा. मैदानात निदर्शनं असतील तर जास्तच काटेकोर राहा. मुंबईत चीनचं वाणिज्य दूतावास आहे, आणि मोठा चिनी नेता येणार असला की तिबेटी कार्यकर्त्यांवर आधीपासून नजर असते. जानेवारी २००२मध्ये चीनचे पंतप्रधान झू राँगजी मुंबईत उतरले होते, तेव्हा तेन्झिन त्सुंडू हा कवी-कार्यकर्ता हॉटेलच्या बांधकामाच्या परांचीवरून चढून वर गेला आणि त्यानं ‘फ्री तिबेट’चा फलक उलगडला. ते धाडस त्याचं. नवख्यानं परवानगीचं पत्र लिहायला शिकावं.

झेंडा छापताना एक चूक हमखास होते. तिबेटी झेंड्याची पिवळी किनार तीनच बाजूंना असते. उडणारी बाजू, म्हणजे काठीपासून लांबची, मोकळी असते. फ्लेक्सवाला ‘डिझाइन अपुरं वाटतंय’ म्हणून चौथ्या बाजूलाही पट्टी ओढून देतो. आमच्या चाळीस झेंड्यांवर ती होती. कार्यक्रमाला आलेल्या एका पा-लांनी काही न बोलता कात्री मागितली.

पैसे द्यायचे असतील तर

जुने कपडे गोळा करू नका. वर्षातले चार महिने जे लोक स्वेटर विकतात त्यांना आपले विटलेले स्वेटर नेऊन देणारे मी पाहिलेत.

मुलांच्या शिक्षणासाठी तिबेटन चिल्ड्रन्स व्हिलेज ही १९६०पासून चालणारी संस्था आहे, तिथे एका मुलाचा खर्च उचलता येतो. वसाहतींतल्या वृद्धाश्रमांतही तशी सोय असते. तिबेटी लोक आपल्या प्रशासनाला दरवर्षी स्वेच्छेनं वर्गणी देतात, तिची नोंद ‘ग्रीन बुक’मध्ये होते. आपल्यासारख्या मित्रांसाठी ‘ब्लू बुक’ असतं. रक्कम लहान चालते, सातत्य हवं. परदेशातल्या मराठी मंडळींनी एक पाहावं: परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची देणगी भारतातल्या संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी असेल तरच घेता येते. ‘पुण्यातल्या भावाच्या खात्यात टाकतो, तो देईल’ ही शक्कल संस्थेला अडचणीत आणू शकते.

चिनी मालावर बहिष्काराचं विचाराल, तर जमेल तेवढं करा. फक्त ते ज्या फोनवरून जाहीर कराल, तो एकदा उलटा करून बघा.

ऑनलाइन, आणि कैलासला जाणाऱ्यांसाठी

तिबेटमधल्या माणसाचं नाव, चेहरा, आवाज असलेली कुठलीही गोष्ट थेट पुढे पाठवू नका. परदेशी नातेवाइकाशी बोलला म्हणून तिकडे माणसं आत गेली आहेत. धर्मशालेतलं तिबेटन सेंटर फॉर ह्यूमन राइट्स अँड डेमोक्रसी १९९६पासून अशा प्रकरणांची छाननी करतंय. त्यांनी जाहीर केलेली नावं वापरा. फोटोंबाबत २००८चा धडा लक्षात ठेवा. भिक्खूंना मारणाऱ्या नेपाळी पोलिसांचे फोटो ‘ल्हासा’ म्हणून जगभर छापले गेले, आणि चिनी माध्यमांना ‘बघा, सगळंच खोटं’ म्हणायला आयतं कोलीत मिळालं. गणवेश बघा, पाट्यांची लिपी बघा, मग पाठवा. २००९पासून दीडशेहून अधिक तिबेटींनी स्वतःला पेटवून घेतलंय. ती दृश्यं फिरवू नका आणि त्यांचं उदात्तीकरणही नको.

आपला राग चिनी सरकारवर आहे, चिनी माणसावर नाही, हे कार्यक्रमात मुद्दाम सांगावं लागतं. आपल्या शहरात ईशान्येकडच्या मुलींना ‘चायनीज’ म्हणून चिडवणारा टोळका आणि तिबेटवर भाषण ठोकणारा गट, या दोन्हींत कधीकधी एकच पोरगा सापडतो.

२०२५पासून कैलास-मानसरोवर यात्रा पुन्हा सुरू झालीय आणि आपल्याकडून खूप लोक जातात. जाण्याआधी फोनमधले दलाई लामांचे आणि झेंड्याचे फोटो काढून टाका, तिकडे दोन्हींवर बंदी आहे. तिथल्या तिबेटी वाटाड्याला राजकारणाचं काही विचारू नका. तुम्ही आठवड्यात परत येता, तो तिथेच राहतो. याकवाल्याला, चहावाल्या आमा-लांना पैसे हातात द्या आणि ‘थुक-जे-छे’ म्हणा.

स्वेटरची दुकानं साधारण जानेवारीअखेर उठतात. माल बांधून मंडळी वसाहतीत परततात, कारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला लोसर, त्यांचं नवं वर्ष येतं. त्याआधी एकदा दुकानात जाऊन या. त्यांच्या वसाहतीचं नाव विचारा, लोसरची तारीख लिहून घ्या आणि येऊ का म्हणून विचारा. अर्थसंकल्पी अधिवेशन त्याच सुमाराला सुरू होतं, तेव्हा पत्राची प्रत खिशात असली तर वाचूनही दाखवता येईल.